चाकाचा पहारा

"जरा मंदावलं का गं?"

सबनीसांचा एक घास तोंडात होता आणि दुसरा हातात. त्यांची पाठ मागच्या दाराकडे होती. दाराबाहेर पडवी, पडवीत चाक, आणि त्या चाकाचा आवाज आत येत होता. टक्... टक्... टक्...

"नाही हो," उत्तरा म्हणाली. "जेवा तुम्ही. ड्यूटीला उशीर होईल."

"दोन ठोक्यांमधलं अंतर वाढल्यासारखं वाटलं."

"तुम्ही चावताय ना, म्हणून. चावताना ऐकू कमी येतं."

सबनीसांनी चावायचं थांबवलं. शास्त्रीय वृत्तीच्या माणसाला हे करावंच लागतं. आमटीचं भांडं आणायच्या निमित्ताने उत्तरा उठली आणि तिने दाराबाहेर डोकावलं. शेजारची शेवंती परब चाकाजवळ पाटावर बसून तांदूळ निवडत होती. उत्तराने भुवई उडवली. शेवंतीने मांडीवरचं सूप सावरलं, हात लांब केला आणि पाळण्याला द्यावा तसा चाकाला एक झोका दिला.

टक्. टक्. टक्.

"आता बरोबर आहे," सबनीस म्हणाले आणि पुढे जेवू लागले.

उत्तराने आमटीचं भांडं आणून ठेवलं, पण वाढायचं विसरली. आज शनिवार होता. उद्या रविवार, आणि रविवारी सकाळी पिठाच्या गिरणीचे चंद्रप्रकाश शेठ चाक बघायला येणार होते. शेठना चाक पटलं, की सोमवारी सबनीस साहेबांच्या टेबलावर राजीनामा ठेवणार होते. नोकरीत निम्मं आयुष्य काढलेला, चाळिशी उलटलेला माणूस एकदा बाहेर पडला की त्याला कंपनी पुन्हा आत घेत नाही, हे मुलुंडमधल्या कुठल्याही बाईला कळत होतं. सबनीसांनाही कळत होतं. पण त्यांचं चाक फिरत होतं ना.

मधुकर सबनीस वीज कंपनीत मीटर वाचायला होते. घराघरांत जायचं, स्टुलावर चढायचं, काचेआड फिरणारी ती चकती बघायची, आकडा उतरवून घ्यायचा आणि स्टूल जागेवर ठेवून निघायचं. दुसऱ्यांच्या घरातल्या फिरत्या चकत्या आयुष्यभर बघितल्यावर आपलीही एखादी असावी असं माणसाला वाटलं, तर त्यात गैर काही नाही. फक्त सबनीसांना ती बिनविजेची हवी होती. एकदा हाताने सुरू केली की आपली आपण फिरत राहणारी.

याआधीही त्यांनी चाकं केली होती. एक सायकलचं होतं, त्याला पाण्याच्या बाटल्या बांधलेल्या होत्या. ते फिरण्यापेक्षा गळायचं जास्त. एकात गोट्या होत्या. त्या गोट्या पुढे चाळीतल्या पोरांकडे गेल्या आणि सबनीसांकडे त्यांच्यापेक्षा जास्त दिवस गोल फिरल्या. हे सध्याचं चाक मात्र जातिवंत होतं. कंपनीची जाड केबल ज्या लाकडी ड्रमवर गुंडाळून येते, त्या ड्रमची ही बाजू. आसाचं बेअरिंग शेवंतीच्या नवऱ्याने, काशीरामने, कारखान्यातल्या भंगारातून आणलं होतं. मीटरची टाकाऊ शिशाची सीलं वितळवून त्यांचे गोळे ओतले होते. त्यात उत्तराची फोडणीची पळी कायमची गेली.

चाकाच्या काठाला बिजागरीवर दांड्या, आणि प्रत्येक दांडीच्या टोकाला एक गोळा. फिरताना उजव्या बाजूच्या दांड्या टक्कन बाहेर पडत आणि गोळे आसापासून लांब जात. डाव्या बाजूच्या दांड्या चाकाला बिलगून राहत. लांबचं वजन जास्त ओढतं, हे तराजू धरणाऱ्या कुठल्याही वाण्याला ठाऊक आहे. म्हणजे उजवी बाजू कायम जड. म्हणजे चाक कायम फिरणार. या युक्तिवादात चूक काढणं दिसतं तितकं सोपं नाही. चाळीत कुणालाच ती काढता आली नव्हती. चाकाला येत असे, पण ते बोलून दाखवत नसे. नुसतं थांबे.

कुणी शंका काढलीच तर सबनीस आभाळाकडे बोट दाखवत. रशियाने नुकताच आपला तो गोळा वर सोडला होता आणि तो पृथ्वीभोवती फिरत असल्याचं रोज वर्तमानपत्रात येत होतं.

"तो वर फिरतोय तो काय रॉकेलवर?" सबनीस विचारत.



आणखी एक गोष्ट सांगायला हवी. सबनीस आपल्या चाकाकडे बघत नसत. आधीचं प्रत्येक चाक ते समोर बसून टक लावून बघत असतानाच थांबलं होतं. नजर लागते वगैरे गोष्टींवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. ते त्याला 'निरीक्षणाचा परिणाम' म्हणत. म्हणून गेल्या सोमवारी संध्याकाळी हे चाक सुरू केल्यावर ते त्याच्याकडे पाठ करून बसले आणि नुसता आवाज ऐकत राहिले. मग बादली उचलून म्हणाले, "मी नळावर जाऊन येतो. तू लक्ष ठेव."

त्यांचं पाऊल चाळीच्या टोकाला पोचलं नसेल, तोच चाक जड झालं. उत्तराला ती चाल ओळखीची होती. ठोके आधी लांबतात, मग एक दांडी वर जाता जाता विचार बदलते आणि सगळं चाक उलटं डुलून गप्प होतं. आणि त्यानंतर माणूस गप्प होतो. मागच्या वेळी सबनीस भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडून राहिले होते आणि कामावर गेले तेव्हा त्यांनी एका विधवेच्या खोलीला शेजारच्या हॉटेलचा आकडा लावला होता. मेमो मिळाला. "यापुढे असं झालं तर," असं साहेब म्हणाले होते आणि वाक्य पुरं केलं नव्हतं.

उत्तराने इकडेतिकडे बघितलं आणि एका बोटाने चाकाला ढकललं. एकदाच. त्यांचं जेवण होईपर्यंत.

"वैनी, ह्यां काय करतास?" शेवंती दारात उभी होती.

उत्तराचे कान तापले. "थांबू नये ते," ती कशीबशी म्हणाली. "थांबलं तर यांना फार..."

पुढे बोलायची गरजच पडली नाही. शेवंतीच्या गावाला देवळात दरवर्षी सप्ताह बसे. मधे समई, भोवती टाळकरी, आणि देवाचं नाव रात्रंदिवस चालू. ते तुटू द्यायचं नसतं. म्हणून वाडीवाडीचे पहारे लावलेले असतात. एका वाडीचे टाळ खाली यायच्या आत दुसरीचे वर गेलेले असतात. आता हे नाव आपलं आपण का चालत नाही, असं तिथे कुणी विचारत नाही. चालवायचं असतं म्हणून ते चालतं.

"मगे तुमी एकट्या किती येळ करतलास?" शेवंती म्हणाली. "तुमी भाकऱ्या करा. मी आसंय हय."

आणि तिने पाट आणला.

दुसऱ्या दिवशी उत्तराला काही कळायच्या आत दशरथबुवांनी पहारे लावून टाकले होते. दशरथबुवा चाळीतल्या भजनी मंडळाचे म्होरके. कापडगिरणीतून निवृत्त झाल्यापासून त्यांना वाटून देण्यासारखं काम कुणी दिलं नव्हतं. दिवसा बायका, रात्री पुरुष. पाळीपाळीने काम करण्यात हयात गेलेल्या माणसांना यातलं काही शिकवावं लागलं नाही. पाय धुतल्याशिवाय चाकाजवळ यायचं नाही, असा नियम झाला. शेवंतीने चाकाला काजळाची तीट लावली. कुणीतरी उदबत्ती खोचली. काशीराम दुसरी पाळी करून मध्यरात्री येई तो अंघोळ करून थेट पहाऱ्यावर बसे.

सबनीसांना यातलं काहीही ठाऊक नव्हतं. आणि चाळीला हे ठाऊक नव्हतं, की सबनीसांना ते ठाऊक नाही. ज्याने चाक बसवलं त्यालाच ते कसं चालतं हे माहीत नसेल, ही शंका कुणाच्या मनात कशी यावी?

त्यामुळे दोन्ही बाजू सुखात होत्या. सबनीस कामावरून आले की चाकाजवळ कुणी ना कुणी भक्तिभावाने बसलेलं असे. त्यांना वाटे, लोक विज्ञानाचा चमत्कार बघायला आलेत. बुवा त्यांना म्हणत, "सबनीसानू, काळजी करू नकात. आमी आसंव." सबनीसांना वाटे, हा आशीर्वाद आहे. आणि दोन्ही बाजूंच्या मधे उत्तरा होती, आणि तिच्या हातून भाकऱ्या करपत होत्या.

त्या शनिवारी सबनीस अर्ध्या दिवसाने घरी आले ते गुणगुणत आले. पाठमोरे होत, खेकड्यासारखे पडवीच्या दारापर्यंत गेले, ठोके ऐकले आणि तसेच परत येऊन खाटेवर बसले.

"शेठ पक्के येतायत," ते म्हणाले. "आज त्यांचं मीटर वाचलं. आकडा बघून माझ्यावरच खेकसले, मी जसा काही त्यांची वीज पितो. मी म्हटलं, शेठ, उद्यानंतर खेकसायचं कारण राहणार नाही. या चाकाच्या दसपट चाक करू, त्याला पट्टा लावू, तुमची पिठाची गिरणी बिनविजेची. तर म्हणाले, समोर बसून बघीन. चांगला तासभर बघीन."

"तासभर?"

"बघू दे की वर्षभर. चाक काय थकतंय? मंदावलं का गं जरा?"

"नाही. अहो, ऐका ना. त्या चाकाचं मला तुम्हाला काही..."

"आधी मी सांगतो." सबनीसांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "उत्तरा, इतकी वर्षं मी लोकांच्या घरात जातोय. 'मीटरवाला आलाय' असं आत ओरडून सांगतात. माझं नाव मुलुंडमधे कुणाला ठाऊक नाही. माझा रोजचा रस्ता ठाऊक आहे तो फक्त कुत्र्यांना. एका घरी तर मी स्टुलावर उभा असताना बाईंनी खालून केर काढला. म्हणजे मी आहे, हे दिसत होतं त्यांना. स्टुलाचे चारही पाय टाळून काढला." ते हसले. "आणि आता बघ. ही परबीण माझ्या चाकाजवळ पाय धुऊन येते. मी सांगितलं नाही तिला. काशीराम काल मला म्हणाला, सबनीसानू, तुमच्यामुळे चाळीक बरा दिसता. माझ्यामुळे. मीटरवाल्यामुळे."

उत्तराने पदराने कपाळ पुसलं.

"हां, तू काय सांगत होतीस?"

"काही नाही," उत्तरा म्हणाली. "रॉकेल संपत आलंय."

"आणतो. आणखी थोडेच दिवस रॉकेल. मग चाकावरच काहीतरी करू."

ते बाटली घेऊन बाहेर पडले, तशी उत्तरा दशरथबुवांच्या दारात जाऊन उभी राहिली. बुवा टाळांच्या दोऱ्या बदलत होते.

"बुवा, आज चाक थांबवू या. शेठ यायच्या आत. मी यांना सांगेन, आपोआप थांबलं."

"थांबवूचा?" बुवांच्या हातातला टाळ खाली गेला. "मधीच? समाप्ती नाय करता?"

"यांना माहीत नाही हो, तुम्ही सगळे झोका देता ते."

बुवांना हे कळायला वेळ लागला. "सबनीसांका म्हायती नाय? मगे तेंका काय वाटता, कोण फिरवता?"

"कुणीच नाही. आपोआप फिरतंय असं वाटतं."

बुवा आधी हसले. मग तिच्याकडे बघून त्यांचं हसू गेलं. बराच वेळ ते टाळाच्या भोकात दोरी घालायचा प्रयत्न करत राहिले.

"इतको शिकलेलो माणूस," ते शेवटी म्हणाले. त्यात चेष्टा नव्हती, काळजी होती. "आणि असा काय तरी मनात घेऊन बसलो. वैनीनू, एक सांगू? चाक थांबवणा माझ्या हातात नाय. आता ता सगळ्यांचा झाला. माका इतक्याच करूक येयत, शेठ समोर असताना कोण हात लावूचो नाय, असा सांगतंय. फुडचा तुमी बघा."

पुढचं उत्तराने रात्रभर बघितलं. म्हणजे डोळे उघडे ठेवून छताकडे बघितलं. सांगावं तर शेठ यायच्या आधीच हा माणूस भिंतीकडे तोंड करणार. न सांगावं तर शेठसमोर सगळं उघडं पडणार. आणि शेठना काही कळलंच नाही, तर सोमवारी राजीनामा. तिन्हीपैकी बरं काय, हे तिने पडल्या पडल्या जोखून बघितलं आणि पहाटे तिला एवढंच समजलं, की आपण कशासाठी देवाला हात जोडावेत हेसुद्धा आपल्याला कळत नाहीये.

रविवारी सकाळी सबनीसांनी परीटघडीचा कोट घातला. पडवी सारवल्यासारखी स्वच्छ झाली होती. कट्ट्यावर, पायऱ्यांवर, जिन्यात सगळी चाळ उभी होती. पाय धुतलेली, आंघोळ केलेली आणि हात मागे बांधलेली. बुवांनी सांगितल्याप्रमाणे कुणी हात लावणार नव्हतं. शेठच्या वहाणांची करकर कोपऱ्यावर ऐकू आली, तेव्हा काशीरामने दोन्ही हातांनी, कारखान्यातल्या सगळ्या ताकदीनिशी चाकाला शेवटचा झोका दिला आणि चटकन जिन्यात जाऊन निरागस उभा राहिला.

चंद्रप्रकाश शेठ गुजराती टोपी घातलेले, पोटाने पुढे असलेले गृहस्थ होते. ते खुर्चीत बसले, दोन्ही हात काठीवर ठेवले आणि चाकाकडे बघू लागले.

"सबनीसभाई, यात टाकायचं काय? कोळसा? डिझेल?"

"काही नाही."

"तेल?"

"बेअरिंगला थोडंसं. चाकाला काही नाही."

"सोमवारपासून चालू?"

"सोमवारपासून." सबनीस चाकाकडे पाठ करून, शेठच्या तोंडाकडे बघत उभे होते. "एकदाही थांबलेलं नाही. विचारा यांना."

"एकदाव नाय," बुवा छातीवर हात ठेवून म्हणाले. ते खरंच होतं.

टक्. टक्. टक्.

सबनीस समजावू लागले. उजवी बाजू, डावी बाजू, लांबचं वजन, जवळचं वजन. शेठची मान गोळ्यांबरोबर गोल फिरत होती. चहा आला. शेठनी तो बशीत ओतला, फुंकर घातली, पण डोळे चाकावरून काढले नाहीत. गिरणीवाला माणूस, जातं फिरताना बघायची त्याला सवय होती.

टक्... टक्... टक्...

उत्तराला ते आधी ऐकू आलं. मग शेवंतीला; तिचे मागे बांधलेले हात सुटले आणि पुन्हा बांधले गेले. जिन्यातली कुजबुज बंद झाली. सबनीसांचं बोलणं भरभर होऊ लागलं, जसं काही ठोक्यांमधल्या वाढत्या जागा शब्दांनी भरून काढायच्या होत्या. "...तर मुद्दा असा, की हा जो गोळा वरून खाली येतो, तो येताना जेवढं बळ... म्हणजे उजवीकडून..."

टक्......... टक्.........

शेठची मान आता फारच सावकाश फिरत होती. सबनीस बोलायचे थांबले. त्यांनी शेठना विचारलं नाही. बुवांना विचारलं नाही. बायकोकडे बघितलं.

"चालू आहे ना गं?"

सगळी चाळ उत्तराकडे बघत होती. आठवडाभर या प्रश्नाला तिचं एकच उत्तर होतं, आणि ते अगदी जिभेवर आलं होतं.

"थांबतंय," ती म्हणाली. "वळा. बघा तुम्ही."

सबनीस वळले. एक गोळा वर चढत होता. अगदी माथ्याजवळ येऊन तो घुटमळला. आणि तेवढ्यात शेवंतीला ते सहन झालं नाही.

"आगो बाय माजे!" ती पुढे धावली. "सगळे बघत काय ऱ्हवलास? आमी काय मेलंव?" आणि तिने चाकाला सणसणीत झोका दिला.

"हात काढा!" सबनीस किंचाळले. "परबीणबाई, हात काढा आधी! चाकाला हात लावायचा नाही!"

शेवंती हात तसाच धरून उभी राहिली. "हात लावूचो नाय?" तिने सगळ्यांकडे बघितलं. "मगे सोमवारपासून आमी काय केलंव?"

 सबनीसांनी काशीरामकडे बघितलं. काशीरामला वाटलं, आपल्याला हिशेब विचारतायत. तो जिन्यातून एक पायरी खाली आला.

"रातीचो मी आसंय. माज्या मागसून बुवा. एक डाव डोळो लागलो माजो, पण आवाज बदललो तसो उठलंय. तुटूक दिलंय नाय."

"रात्रीसुद्धा?" सबनीस म्हणाले.

"मगे? रातीचा काय थांबवतलव?"

"आणि मी कामावर असताना?"

"बायल माणसां."

"आणि मी इथे आत जेवत असताना?"

 "मी सुरू केलं," उत्तरा म्हणाली. "तुम्ही नळावर गेला होतात. मला वाटलं, तुमचं जेवण होईपर्यंत."

सबनीस तिच्याकडे बघत राहिले. आता ते आत जातील, खाटेवर पडतील, भिंतीकडे तोंड करतील, असं तिला वाटलं. तिने दारातून बाजूला सरून जागासुद्धा केली. पण ते आत गेले नाहीत. मीटरसमोर उभं राहून घरमालकाला विचारतात त्या आवाजात त्यांनी विचारलं, "किती वेळाने द्यावा लागतो झोका?"

"भात शिजतो तेवढ्या वेळाने," ती म्हणाली. "पहाटे गारठ्यात जरा लवकर."

सबनीसांनी मान डोलावली.

शेठ उठले. त्यांना राग आलेला दिसत नव्हता. एखाद्या मालाचा भाव ऐकल्यावर व्हावा तसा त्यांचा चेहरा झाला होता. "सबनीसभाई, वाईट वाटून घेऊ नका. कंपनीची वीज महाग, असं मी रोज बोलतो. पण हे तर त्याच्याहून महाग. एवढी माणसं, रात्रीची पण, आणि खुशीने! माझ्या गिरणीला नाही परवडणार." जाता जाता त्यांनी चाकाला नमस्कार केला. इतके लोक पाय धुऊन उभे आहेत म्हटल्यावर करून ठेवलेला बरा.

सबनीस त्यांना पडवीच्या टोकापर्यंत सोडायला गेले. "शेठ," ते म्हणाले, "काल तुमच्या मीटरच्या काचेवर पीठ फार होतं. शेवटचा आकडा नीट दिसला नाही. उद्या येऊन परत बघतो."

"या ना," शेठ म्हणाले.

उत्तराने दाराची चौकट धरली. आठवडाभर अडकलेला श्वास तिच्या तोंडून असा बाहेर पडला, की शेवंतीने वळून बघितलं.

सबनीस परत आले. चाक फिरतच होतं. "आता राहू द्या," ते म्हणाले. "थांबू द्या त्याला."

"असो मधीच नाय थांबवचो," बुवा पुढे आले. "समाप्ती करूक व्हयी."

"बुवा, हा प्रयोग होता."

"असात. प्रयोगाचीय करूक व्हयी. ज्येणा बसवल्यान, शेवटचो पहारो तेचो. मगे नारळ."

सबनीसांनी वाद घालायला तोंड उघडलं. पायऱ्यांवर, कट्ट्यावर, जिन्यात उभ्या असलेल्या माणसांकडे त्यांनी बघितलं. काशीरामचे डोळे जागरणाने लाल होते. सबनीसांनी कोट काढून उत्तराच्या हातात दिला, नळावर जाऊन पाय धुतले आणि शेवंतीने सरकवलेल्या पाटावर, चाकासमोर, चाकाकडे तोंड करून बसले. हात लांब करून त्यांनी झोका दिला.

बुवांनी टाळ धरला, पण वाजवला अगदी हलका.

इतके दिवस घडवलेलं आपलं चाक सबनीस पहिल्यांदाच निवांत बघत होते. उजवीकडे दांड्या बाहेर पडत होत्या, गोळे आसापासून लांब जात होते. अगदी त्यांच्या मनात होतं तसेच. फक्त तिकडे ते मोजकेच असत. डावीकडे चाकाला बिलगून वर चढणारे गोळे होते, आणि कुठल्याही क्षणी बघावं तर तेच संख्येने जास्त होते. सबनीसांनी एकदा बोट वर केलं, मोजायला. मग खाली घेतलं.

ठोके लांबले. कुणी हात पुढे केला नाही. एक गोळा माथ्यापर्यंत गेला, तिथे क्षणभर थांबला आणि परत फिरला. चाक थोडं मागे डुललं, थोडं पुढे, आणि उभं राहिलं. बुवांचा टाळही थांबला. जिन्यात कुणीतरी नाक ओढलं. काशीरामने नारळ फोडला.

सबनीस उठले नाहीत. शेवंतीने गूळ आणि खोबरं एकत्र करून ताटलीत आणलं, आधी चाकासमोर धरलं आणि मग त्यांच्या तळहातावर ठेवलं.

"पुढच्या वर्षाक कधी बसवतलात, सबनीसानू?" तिने विचारलं.

ते तळहातावरच्या खोबऱ्याकडे बघत राहिले. उत्तरा कोट छातीशी धरून उभी होती.

"मे महिन्यात नको," सबनीस म्हणाले. "सगळे गावाला जातात. हात कमी पडतील."